घामोळं की उन्हाचा चटका? बाळाच्या अंगावरची लाली ओळखायची कशी

बाहेरून घरी आल्यावर बाळाची मान किंवा पाठ लाल दिसली की बहुतेक घरांत एकच निदान होतं: ऊन लागलं. मग पुढच्या वेळी कपड्यांचा आणखी एक थर, वरून दुपटं आणि अंगभर क्रीम. तरी लाली वाढतच जाते, कारण ते घामोळं असतं आणि या बंदोबस्तानं ते आणखी फोफावतं. उलटंही तितकंच होतं. गालांना आणि पावलांना खरंच ऊन लागलेलं असतं, पण ‘उष्णतेचं उठलंय’ म्हणून कपडे उतरवून बाळाला मोकळ्या हवेत, उजेडात खेळवलं जातं. म्हणजे घामोळ्यावरचा उपाय चटक्याला वाट करून देतो आणि चटक्यावरचा उपाय घामोळ्याला. म्हणून आधी नीट बघा, मग हात लावा.

घामोळं होतं ते घामामुळे. लहान बाळांच्या घामाच्या नलिका पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्या चटकन बुजतात. बाहेर पडू न शकलेला घाम त्वचेतच साचतो आणि बारीक पुरळ उठतं. नलिका अगदी वरच्या थरात बुजली तर पाण्याच्या थेंबांसारखे स्वच्छ, न दुखणारे फोड दिसतात, जरा घासले तरी फुटणारे. थोडी खोल बुजली तर लाल, खाजरे, टोचणारे दाणे येतात. यात सूर्याचा हात असेलच असं नाही. बंद खोलीत, हिवाळ्यात, चार कपड्यांत गुंडाळलेल्या बाळालाही घामोळं येतं.

चटका बसतो तो उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांमुळे, त्यातही मुख्यतः त्यांच्या यूव्हीबी या प्रकारामुळे. हे किरण त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला इजा करतात आणि शरीर त्यावर दाह उभा करतं. या दाहाला वेळ लागतो. लाली साधारण 2 ते 6 तासांनी दिसू लागते आणि जोर धरते ती 12 ते 24 तासांत. म्हणूनच सकाळी फिरून आलेलं मूल जेवताना ठीकठाक दिसतं आणि रात्री खांद्यावर घ्यायला गेलं की कळवळतं. ‘बाहेर होतो तेव्हा तर काहीच नव्हतं’ हे अशा वेळी हमखास ऐकू येतं. ते खरंही असतं, पण त्यावरून ऊन लागलं नाही असं ठरत नाही.

ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे जागा. घामोळं झाकलेल्या आणि घडीच्या ठिकाणी येतं: मानेच्या वळ्या, काखा, जांघा, पाठ, डायपरच्या इलास्टिकची कड. चटका नेमका उघड्या भागावर बसतो: नाक, गाल, कानांच्या पाळ्या, पावलांची वरची बाजू, विरळ केसांतून दिसणारं टाळू. बाही वर करून बघा. लाली बाहीच्या कडेशी रेघ मारल्यासारखी थांबत असेल तर तो चटका. ती कपड्याच्या आतच दाटलेली असेल तर घामोळं.

दुसरी खूण स्पर्शाची. सावळ्या किंवा गडद वर्णाच्या मुलांमध्ये लाली डोळ्यांना सहज दिसत नाही, तिथे हीच कामाला येते. बोटाचं टोक हलकेच फिरवा. घामोळं रव्यासारखं खरखरीत लागतं. चटका बसलेली त्वचा निदान सुरुवातीला तरी सपाट असते, आजूबाजूपेक्षा गरम लागते आणि बोट टेकताच मूल अंग चोरतं. गडद त्वचेला ऊन लागत नाही हा समज सोडून द्या; त्वचेला रंग देणारं मेलॅनिन काही किरण अडवतं, सगळे नाही. पुढे काय होतं त्यावरूनही कळतं: अंग गार आणि कोरडं ठेवलं की घामोळं काही दिवसांत बसतं, चटक्याची साल निघते.

घामोळ्याचा उपाय साधा आहे. एक थर कमी करा, अंग गार पाण्यानं पुसा, वळ्या कोरड्या करा, सैल सुती कपडे घाला. तेल आणि दाट मलम लावू नका, त्यांनी नलिका आणखी बुजतात. पावडरही नको, ती बाळाच्या श्वासावाटे फुफ्फुसात जाते.

चटक्यापासून जपण्यात खरी अडचण अशी की ऊन तापलेलं जाणवतं, अतिनील किरण जाणवत नाहीत. वारा गार असेल, विरळ ढग असतील तरी त्यातले बरेचसे किरण खाली पोचतात. वाळू त्यातले सुमारे 15 टक्के परावर्तित करते, ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. म्हणून घामावर किंवा तापमानावर जाऊ नका. हवामानाच्या अंदाजातला यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, बघा. तो 3 किंवा त्याहून वर असेल तर काळजी घ्यायची. हाताशी काही नसेल तर मुलाची सावली बघा. सावली मुलाच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये. त्याची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानानं तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे लावलेलं शरीरात शोषलं जाण्याची शक्यताही जास्त. या वयात सावली, रुंद काठाची टोपी आणि हलके, विणीला दाट, लांब बाह्यांचे कपडे हेच संरक्षण. सावली मिळणं शक्यच नसेल तर चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर थोडं सनस्क्रीन चालतं. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं, एसपीएफ (चटक्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा) 30 किंवा त्यावरचं घ्या. उघड्या भागांवर बाहेर पडण्याआधी 15 ते 30 मिनिटं लावा. दर दोन तासांनी, आणि पाण्यात खेळून झाल्यावर लगेच, पुन्हा लावा. एसपीएफ 50 चा आग्रह धरायची गरज नाही: 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98.

बाबागाडीबद्दल मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर दुपटं टाकणारे आईवडील प्रेमापोटीच टाकतात, पण आत हवा कोंडते आणि उष्णता झपाट्यानं वाढते. बाळ दिसतही नाही. दुपट्याऐवजी गाडीचं छत पुढे ओढा किंवा बाजू मोकळ्या ठेवणारी छत्री लावा, आणि मानेमागे हात घालून बघत राहा. तिथे ओलसर, गरम लागलं तर लगेच एक कपडा उतरवा.

चटका बसलाच तर गार (बर्फाच्या नव्हे) पाण्यात बुडवलेलं मऊ कापड ठेवा, फोड फोडू नका, ॲस्पिरिन देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला चटका बसला असेल तर डॉक्टरांना फोन कराच. मोठ्या मुलाला फोड आले, ताप आला तरी करा. घामोळ्यात पू दिसू लागला किंवा ते पसरू लागलं तर ते दाखवायला न्या. लाली कसलीही असो, बाळ सुस्त पडलं, दूध घेईना, लघवी कमी झाली किंवा अंग तापून ते नीट जागं होईना, तर पुरळ ओळखत बसू नका, थेट दवाखाना गाठा.