घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल

टीव्हीला जोडून पडद्यावरचे खेळ खेळण्यासाठी बनवलेले यंत्र. इंदूरच्या मराठी घरांत ‘कन्सोल’ हा शब्द फार उशिरा आला. रामबाग असो की राजेंद्रनगर, नव्वदच्या दशकातल्या मुलांसाठी तो ‘टीव्ही गेम’ होता; त्यात खोचायची ती कॅसेट आणि हातात धरायचा तो रिमोट. कॅसेटमध्ये फीत नव्हती आणि रिमोटला वायर होती, पण त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. राल्फ बेअर या अभियंत्याने साठच्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून मॅग्नावॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ओडिसी’ बाजारात आणला. त्यात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, गुण मोजायची सोयही नव्हती. पडद्यावर फक्त ठिपके आणि एक उभी रेघ दिसे. मैदान हवे असेल तर रंगीत पारदर्शक प्लास्टिक टीव्हीच्या काचेवर लावायचे. सोबत फासे आणि पत्ते मिळत. म्हणजे अर्धा खेळ टीव्हीत आणि अर्धा सतरंजीवर. आत प्रोसेसर आणि वर बदलता येणारी कार्ट्रिज, म्हणजे आपली कॅसेट, ही रचना १९७६ च्या फेअरचाइल्ड ‘चॅनल एफ’पासून आली, त्यामागे जेरी लॉसन हे अभियंते होते. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारी २६०० ने ती घरोघरी नेली. या यंत्राची काम करतानाची स्मृती (रॅम) १२८ बाइट होती. आजच्या युनिकोडच्या रूढ पद्धतीत (दर चिन्हाला तीन बाइट) तेवढ्यात काना-मात्रा धरून देवनागरीची बेचाळीस चिन्हे मावतात.

१९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. सुमार खेळांचा पूर आला होता आणि घरगुती संगणकही स्वस्त होत होते. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ पुरला. २०१४ मध्ये तो उकरला गेला, तेव्हा कार्ट्रिज खरोखरच निघाली.

बाजार कोसळला त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ ला, जपानमध्ये निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ १४,८०० येनला विक्रीस आला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेले हे आठ बिटचे यंत्र अमेरिकेत १९८५ मध्ये ‘एनईएस’ (निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम) नावाने गेले. त्यावरचा पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. जागा वाचवण्यासाठी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती, फक्त रंग वेगळा. वर्षानुवर्षे खेळूनही हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

भारतात अधिकृत माल परवडण्यासारखा नव्हता. सेगा या जपानी कन्सोल कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार केला तो ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी, तरीही तिच्या यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. तेवढ्यात रंगीत टीव्ही येत असताना कोणते वडील गेम आणतील? ही जागा फॅमिकॉमच्या नकलांनी भरली. मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’ हा त्यांतला नावाजलेला. बाकीच्यांचे नाव खोक्यावर दर वेळी निराळे. अशी नक्कल उघडली की भल्यामोठ्या डब्यात पोस्टकार्डाएवढी पट्टी सापडे आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक ठिपका. अख्खा फॅमिकॉम त्या ठिपक्याखाली. ‘९९९९ इन १’ कॅसेटचेही तसेच: मोजके खेळ, कधी दुसऱ्या पातळीपासून, कधी वेगळ्या नावाने, पुन्हापुन्हा. पहिल्याच संध्याकाळी फसगत कळे, पण परत करायला कोणी जात नसे.

जोडणी हाच एक कार्यक्रम असे. अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि मुंग्यांतून चित्र उमटेपर्यंत चॅनल फिरवायचे. चित्र थरथरले की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीने खरे तर काही होत नाही, उलट श्वासातला ओलावा संपर्काच्या पट्ट्या गंजवतो. गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याचा. हे आज सांगूनही पटत नाही.

कन्सोलचा इतिहास ‘पिढ्यां’त मांडायची रीत आहे, इंदूरला त्या ओळीने आल्याच नाहीत. सोनीचे प्लेस्टेशन जपानमध्ये १९९४ मध्ये आले आणि खेळ सीडीवर गेले, प्लेस्टेशन २ हे २००० मध्ये आले आणि त्याची विक्री पुढे पंधरा कोटींवर गेली. आपल्या बाजारात मात्र १९८३ चेच यंत्र नव्या अंगरख्यात विकले जात होते. ‘पॉलीस्टेशन’ नावाची एक नक्कल हुबेहूब प्लेस्टेशनसारखी दिसे. सीडीचे झाकण उघडले की खाली कॅसेटची खाच! प्लेस्टेशन २ साठीचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतात बनलेला खेळ २००९ मध्ये आला, तोवर ते यंत्र जगात जुने झाले होते. प्लेस्टेशन ५ च्या वेळी हे अंतर आटले; नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर आलेले यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात मिळू लागले.

माळ्यावरचा जुना टीव्ही गेम आजच्या सपाट टीव्हीला जोडला तर मारिओ पळतो, पण पडद्यावरची बदके टिपायच्या खेळासाठी सोबत मिळालेली बंदूक चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. हा हिशोब जुन्या टीव्हीच्या काचेच्या चित्रनळीच्या वेगावर बेतलेला आहे. नव्या पडद्यावर चौकोन उमटेपर्यंत बंदुकीने नेम चुकल्याचे ठरवलेले असते.