कामावर परतताना: अमेरिकेतला अपंगत्व लाभ, जादा रकमेची वसुली आणि ती थोपवण्याचे मार्ग

आजारपणामुळे किंवा अपघातामुळे नोकरी सुटते, सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याचा अपंगत्व लाभ सुरू होतो, आणि दोन-तीन वर्षांनी अंगात बळ येतं तसं माणूस पुन्हा कामाला लागतो. पगार सुरू होतो, पण लाभाची रक्कमही दर महिन्याला खात्यात येतच राहते. 'पगारातून कर कापला जातोय, म्हणजे त्यांना कळलंच असणार,' असं आपण धरून चालतो. मग वर्ष-दीड वर्षानं पत्र येतं: तुम्हाला हजारो डॉलर जास्त दिले गेले आहेत, ते परत करा.

कमाईची माहिती सोशल सिक्युरिटीकडे पोचते, पण उशिरा. तोवर रक्कम साचत जाते. म्हणून खात्यात आलेला प्रत्येक लाभ आपल्या हक्काचाच आहे असं समजू नका, आणि पहिल्या पगारापासून कळवायला लागा.

तुमचा लाभ कोणता, हे आधी पाहा

दोन योजना आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे. एसएसडीआय हा तुमच्या पगारातून कापलेल्या सोशल सिक्युरिटी करावर मिळणारा लाभ. त्यासाठी साधारण १० वर्षांचं काम लागतं, आणि त्यातली ५ वर्षं अपंगत्व येण्याआधीच्या १० वर्षांतली असावी लागतात. वय कमी असेल तर कमी काम चालतं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असतानाही हा कर कापला जातो, त्यामुळे ती वर्षं धरली जातात. मात्र भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यानं पुण्यात किंवा नाशकात केलेल्या नोकरीची वर्षं इथे जोडता येत नाहीत.

एसएसआय ही उत्पन्न आणि मालमत्ता कमी असलेल्यांसाठीची योजना. ती मुख्यतः नागरिकांना आणि ठरावीक वर्गांतल्या परदेशी लोकांना मिळते. काहींना दोन्ही मिळतात. कोणता लाभ आहे ते मंजुरीच्या पत्रावर लिहिलेलं असतं. पत्र सापडत नसेल तर कार्यालयाकडे 'बीपीक्यूवाय' मागा. तुमचा लाभ, नोंदलेली कमाई आणि चाचणीचे (ते काय ते पुढे येतंच) किती महिने वापरले गेले, हे सगळं त्या एका कागदावर येतं. कामावर जाण्याआधी हा कागद हातात असावा, असं मी आग्रहानं सांगेन.

एसएसडीआयचं गणित

सुरुवातीला ९ महिन्यांचा चाचणीचा काळ मिळतो. तिथे त्याला 'ट्रायल वर्क पिरियड' म्हणतात. या महिन्यांत कितीही कमवा, लाभ पूर्ण मिळतो, फक्त काम कळवलेलं हवं आणि अपंगत्व कायम हवं. हे ९ महिने सलग असण्याची गरज नाही. कोणत्याही ६० महिन्यांच्या पट्ट्यात ते मोजले जातात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी केलेलं थोडं कामही मध्येच मोजणीत येतं. २०२५ मध्ये ज्या महिन्यात कर कापण्याआधीची कमाई १,१६० डॉलरच्या वर गेली तो चाचणीचा महिना धरला जायचा. २०२६ मध्ये ही रेषा १,२१० डॉलर आहे. स्वतःचा धंदा असेल तर महिन्याला ८० तासांपेक्षा जास्त काम केलं तरी तो महिना मोजला जातो. घरून डबे करून देणाऱ्या किंवा शिकवण्या घेणाऱ्या आपल्या बायकांच्या हे लक्षात येत नाही, कारण त्याला 'नोकरी' म्हणायची आपल्याला सवय नाही.

चाचणी संपली की पुढचे सलग ३६ महिने दर महिन्याची कमाई 'एसजीए' या मर्यादेशी ताडली जाते. ती २०२५ मध्ये १,६२० डॉलर होती, २०२६ मध्ये १,६९० आहे. दृष्टिहीनांसाठी २०२६ ची मर्यादा २,८३० डॉलर. मर्यादा पहिल्यांदा ओलांडली तो महिना आणि त्यापुढचे दोन महिने लाभ मिळतो. त्यानंतर ज्या महिन्यात मर्यादेच्या वर कमाई, त्या महिन्याचा लाभ नाही.

धरून चला की एका ताईंना महिन्याला १,५०० डॉलर लाभ आहे आणि जानेवारी २०२५ पासून त्या २,४०० डॉलरवर कामाला लागल्या. आधीचा एकही चाचणीचा महिना वापरलेला नाही. जानेवारी ते सप्टेंबर, ९ महिने चाचणीत गेले. ऑक्टोबरमध्ये मर्यादा ओलांडली; ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन महिन्यांचा लाभ त्यांचा. जानेवारी २०२६ पासूनचा मात्र नाही. कोणी कळवलंच नाही आणि लाभ सप्टेंबर २०२६ पर्यंत चालू राहिला, तर ९ महिन्यांचे १३,५०० डॉलर अंगावर येतात. ताईंच्या नोंदीवर मुलांना लाभ मिळत असेल तर तीही रक्कम वाढते.

या ३६ महिन्यांत काम पुन्हा सुटलं किंवा कमाई मर्यादेखाली आली तर नव्यानं अर्ज न करता लाभ सुरू होतो. तो काळ संपल्यावर लाभ बंद झाला असेल, तर बंद झाल्यापासून ५ वर्षांच्या आत जलद पुनःस्थापनेची विनंती करता येते आणि निर्णय होईपर्यंत ६ महिन्यांपर्यंत तात्पुरता लाभ मिळू शकतो. 'कळवलं तर सगळंच जाईल' या भीतीनं गप्प बसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. चाचणीच्या काळानंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमासुद्धा निदान ९३ महिने चालू राहतं.

मर्यादेशी ताडताना पूर्ण पगार जसाच्या तसा धरला जात नाही. अपंगत्वामुळे कामासाठी करावा लागणारा खर्च त्यातून वजा होतो: औषधांतला तुमचा वाटा, चाकाची खुर्ची, खास वाहनाचं भाडं. त्याच्या पावत्या हव्यात आणि तो दुसऱ्या कोणी भरून दिलेला नसावा. सहकारी तुमचं अर्धं काम उचलत असतील किंवा मालक जास्त सवलत देत असेल तर तसं पत्र मालकाकडून घ्या. पगाराचा तेवढा भाग 'अनुदान' समजून वगळला जातो. भरपगारी रजेचे पैसेही प्रत्यक्ष कामाचे नसल्यानं वजा होतात. हे आपण मांडलं नाही, तर कार्यालयाला दिसतो तो नुसता पगाराचा आकडा.

एसएसआयमध्ये

इथे चाचणीचा काळ नाही. पहिल्या पगारापासूनच रक्कम घटते. दुसरं उत्पन्न नसेल तर पगारातून आधी २० डॉलर, मग ६५ डॉलर सोडून देतात आणि उरलेल्याचा निम्मा भाग लाभातून वजा करतात. पगार १,०८५ डॉलर असेल तर वजावट ५०० ची, आणि २०२६ च्या ९९४ डॉलर या संघीय दरातून उरतात ४९४. एसएसडीआयमध्ये कमाई काम केलेल्या महिन्याची धरतात, एसएसआयमध्ये पगार हातात आला त्या महिन्याची. दोन्ही लाभ असलेल्यांचा इथेच घोळ होतो.

एसएसआयमध्ये एकट्या व्यक्तीची मालमत्ता २,००० डॉलरच्या वर जाऊ नये. गावाकडची मुदत ठेव किंवा विकता येण्याजोगा जमिनीतला वाटाही त्यात येतो. सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिलात तरी लाभ थांबतो. लग्नसराईसाठी महिना-दीड महिना गावी जाणार असाल तर निघण्याआधी कळवा.

कळवायचं कसं

'माय सोशल सिक्युरिटी' या ऑनलाइन खात्यातून पगार नोंदवता येतो. एसएसआयसाठी मोबाइल ॲप आहे. फोन, टपाल किंवा प्रत्यक्ष कार्यालय हे मार्ग आहेतच. एसएसआयवाल्यांनी मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या ६ दिवसांत कळवावा. इतर बदलांना १० तारखेपर्यंत मुदत असते. नोकरी लागली, सुटली, तास वाढले, पगार वाढला, या सगळ्याची नोंद द्या.

पोच मात्र सोडू नका. काम कळवल्याची लेखी पोच देणं कार्यालयावर २००४ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव वहीत लिहा. एक फाइल करा आणि त्यात पगाराच्या चिठ्ठ्या, पोचपावत्या, वैद्यकीय खर्चाच्या पावत्या, मालकाचं पत्र आणि कार्यालयाचं प्रत्येक पत्र पाकिटासकट ठेवा. एसएसए-८२४० या फॉर्मवर संमती दिली तर पगाराची माहिती पगार-सेवा कंपन्यांकडून थेट घेता येते. तरी स्वतः कळवणं बंद करू नका. कामाचा तपशील मागणारा एसएसए-८२१ (धंदा असेल तर एसएसए-८२०) आला तर तो मुदतीत भरून पाठवा. मर्यादेच्या वर गेल्यावरही लाभ येत असेल तर तो वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा. ते पैसे बहुधा परत जाणार आहेत.

पत्र आलंच तर

आधी पत्रावरची तारीख पाहा. त्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज दिला तर निर्णय होईपर्यंत वसुली सुरू होत नाही. म्हणून पत्र घाबरून कपाटात टाकू नका.

रक्कमच चुकीची वाटत असेल, म्हणजे चाचणीचे महिने चुकीचे मोजले, खर्च वजा केला नाही किंवा रजेचा पगार धरला, तर पुनर्विचाराचा अर्ज एसएसए-५६१ वर करा. त्याला ६० दिवसांची मुदत असते आणि टपालाचे ५ दिवस वर धरतात.

रक्कम बरोबर आहे पण चूक तुमची नव्हती आणि फेडणं परवडत नाही, तर एसएसए-६३२ वर माफी मागा. तिला अंतिम मुदत नाही, आणि दोन्ही अर्ज एकदमही देता येतात. माफीसाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुमचा दोष नाही, आणि वसुली झाली तर गरजेचा खर्च भागणार नाही किंवा ती अन्यायाची ठरेल. भाडं, किराणा, वीज, औषधं यांची बिलं आणि बँकेची विवरणं जोडा. दोष ठरवताना वय, शिक्षण, शारीरिक-मानसिक अवस्था आणि इंग्रजीची अडचणही विचारात घ्यावी असं नियमात आहे. पत्र कळलं नव्हतं, तर ते संकोच न करता लिहा. सोशल सिक्युरिटीच्याच अधिकाऱ्यानं चुकीची माहिती दिली आणि त्यावर तुम्ही विसंबलात, तर तोही माफीचा आधार होतो. वहीतली ती तारीख आणि नाव इथे कामी येतं. रक्कम २,००० डॉलर किंवा कमी असेल तर माफीची विनंती फोनवरही होऊ शकते. माफी नाकारण्याआधी समोरासमोर बाजू मांडायची संधी मिळते. ती सोडू नका.

दोन्ही लागू नसेल तर हप्ता कमी करून घ्या. एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या पत्रांवर, काहीच उत्तर दिलं नाही तर सुमारे ९० दिवसांनी एसएसडीआयच्या लाभातून ५० टक्के कापले जातात. एसएसआयमध्ये १० टक्के. १,५०० तून ७५० गेले तर घरभाडंही निघत नाही. एसएसए-६३४ भरून परवडेल तो आकडा आणि त्यामागचा जमाखर्च द्या. लाभ बंद झालेल्यांनीही दुर्लक्ष करू नये, कारण वसुली कर परताव्यातून किंवा पगारातून होऊ शकते.

मदत फुकट मिळते. प्रत्येक राज्यात 'विपा' प्रकल्पांचे सल्लागार कामाचा लाभावर काय परिणाम होईल ते लेखी मांडून देतात. त्यांचा पत्ता 'टिकिट टू वर्क' या सोशल सिक्युरिटीच्याच कार्यक्रमाच्या १-८६६-९६८-७८४२ या क्रमांकावर मिळतो. सोशल सिक्युरिटीचा स्वतःचा क्रमांक १-८००-७७२-१२१३. तिथे दुभाषा विनामूल्य मिळतो, तेव्हा आईवडिलांसाठी फोन करत असाल तर सुरुवातीलाच मराठी दुभाषा मागा.