मागे राहिलेल्या बायका ते सोबत निघालेली जोडपी: परदेशातल्या ज्येष्ठ मिशनरी दांपत्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्यात साठी-पासष्टीचं एखादं जोडपं घराच्या किल्ल्या मुलीकडे सोपवतं आणि दीड वर्षासाठी घानाला, फिलिपिन्सला किंवा टोंगाला निघून जातं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं नवल वाटत नाही. निवृत्तीनंतर आपल्याकडची जोडपीही परदेशी जातात, पण बहुतेक वेळा लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला. हे लोक नातवंडांना मागे ठेवून निघतात, तेही स्वतःच्या खर्चाने आणि ओळखीचं कुणी नाही अशा गावी.

ही प्रथा द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाची. लोक त्यांना मॉर्मन म्हणत आले. २०१८ पासून मात्र आपल्याला पूर्ण नावानेच ओळखावं, असा पंथाचा आग्रह आहे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि दोघादोघांनी फिरणारी विशीतली मुलं हे त्यांचं जगभर माहीत असलेलं चित्र. त्याच नावपट्ट्या लावलेली ज्येष्ठ जोडपी फारशी कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. त्यांची प्रथाही वाटते तितकी जुनी नाही. पंथ स्थापन झाला १८३० मध्ये, आणि नवरा-बायकोने मिळून सेवेला जाण्याची रीत नीट रुजली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळाचा इतिहास निघून गेलेल्या पुरुषांचा जेवढा आहे, तेवढाच घरी राहिलेल्या बायकांचा आहे. तो सांगितल्याशिवाय आजच्या जोडप्यांचं मोल कळायचं नाही.

सप्टेंबर १८३९. मिसिसिपी नदीच्या काठी वसत असलेलं नॉवू हे दलदलीतलं गाव. घरोघरी थंडीताप, म्हणजे मलेरिया. ब्रिगम यंग आणि हीबर किंबल या पंथाच्या दोन पुढाऱ्यांना इंग्लंडला जाण्याचं पाचारण झालेलं. यंग यांची पत्नी मेरी अ‍ॅन बाळंत होऊन दहा दिवस झाले होते, तेव्हा ते घरातून निघाले. ते स्वतः इतके आजारी होते, की वाटेत नदीपलीकडे किंबल यांच्या घरी त्यांना अंथरूण धरावं लागलं. त्या घरातही किंबल यांची पत्नी व्हिलेट तापाने पडलेली आणि मुलंही आजारी. चार वर्षांचा एकच मुलगा तेवढा धडधाकट, आणि सगळ्यांना पाणी आणून देणारा तोच. दोघा पुरुषांना हात देऊन गाडीत चढवावं लागलं. गाडी थोडी पुढे गेली आणि किंबल यांना राहवेना. त्यांनी ती थांबवायला लावली. दोघे कसेबसे उभे राहिले, टोप्या उंचावून त्यांनी इस्राएलच्या नावाने जयघोष केला. आवाज ऐकून व्हिलेट आणि नवऱ्यामागोमाग तिथे आलेली मेरी अ‍ॅन दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हसून निरोप दिला.

पंथात हा प्रसंग श्रद्धेचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण मला त्यात दारातल्या त्या दोघी जास्त दिसतात. पुरुष शुभवर्तमानातल्या आज्ञेप्रमाणे पिशवी आणि झोळी न घेता निघायचे. घरात पीठ कुठून यायचं, हा प्रश्न बायकोचा. एकोणिसाव्या शतकभर हेच चाललं. विवाहित पुरुषाला पाचारण यायचं, तो दोन-तीन वर्षांसाठी जायचा, आणि शेत, गुरं, मुलं, देणी असं सगळं तिच्या अंगावर पडायचं.

याच काळात या पंथाचे पाय मुंबई-पुण्यालाही लागले. ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यालाही पोचले. त्यांच्या हाताला लागले ते मुख्यतः युरोपीय, तेही मोजकेच. काही वर्षांत हा प्रयत्न आटोपला. मुंबई इलाख्यात त्याआधीच स्थिरावलेल्या अमेरिकन मराठी मिशनशी याची तुलना केली तर फरक लख्ख दिसतो. ती माणसं तरुणपणी, बायकोसह, जन्मभरासाठी येत. इथली भाषा शिकत, शाळा काढत, इथल्याच मातीत पुरली जात. लॅटर-डे सेंट्सचे प्रचारक एकटे येत आणि ठरलेल्या मुदतीनंतर परत जात. ज्येष्ठ जोडप्यांच्या प्रथेने पुढे यातली ठरलेली मुदत तेवढी ठेवली आणि एकटेपण काढून टाकलं.

या वाटेवर सगळ्यात आधी दिसते ती लुइझा बार्न्स प्रॅट. तिचा नवरा अ‍ॅडिसन १८४३ मध्ये पॅसिफिकमधल्या बेटांकडे गेला आणि परतला पाच वर्षांनी. दरम्यान नॉवू उजाड झालं, आणि तिने चार मुलींना घेऊन गाड्यांच्या तांड्याबरोबर रॉकी पर्वतापर्यंतचा प्रवास एकटीच्या हिमतीवर केला. वर्षभरात त्याला पुन्हा पाठवण्यात आलं. या वेळी मात्र तिलाही रीतसर पाचारण देऊन मागोमाग धाडलं. ऑक्टोबर १८५० मध्ये ती तुबुआई बेटावर पोचली, तेव्हा नवरा ताहितीत फ्रेंच अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवलेला! तो येईपर्यंत तिने कामाला हात घातला होता. बेटावरच्या बायकांना तिने शिवणकाम आणि गोधड्या शिकवल्या, त्यांच्या आजारपणात ती जवळ बसली. १८५२ मध्ये फ्रेंच राजवटीच्या दडपणामुळे त्यांना ती बेटं सोडावी लागली. पण आजची जोडपी परदेशात जे करतात त्यातलं बरंचसं, म्हणजे व्यासपीठावरून बोलण्यापेक्षा शेजारी बसणं, लुइझाने तेव्हाच करून दाखवलं होतं.

तरीही तो अपवादच राहिला. अविवाहित स्त्रियांना स्वतंत्र प्रचारक म्हणून पहिल्यांदा पाठवलं ते १८९८ मध्ये, इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघींना, इंग्लंडला. परदेशातल्या मिशनच्या, म्हणजे पंथाच्या प्रचारविभागाच्या, अध्यक्षाबरोबर त्याची पत्नी जायची, पण ती अधिकाऱ्यांची गोष्ट झाली. साध्या, निवृत्त माणसांसाठी दार किलकिलं झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेही उपदेशाच्या नव्हे, हातकामाच्या बाजूने. १९५० च्या दशकात टोंगा आणि न्यूझीलंडमध्ये शाळा बांधायच्या होत्या. स्थानिक तरुण बिनपगारी राबायला तयार होते, त्यांना गवंडीकाम, सुतारकाम, विजेचं काम शिकवायला अमेरिकेतून अनुभवी बांधकामवाले आपल्या बायकामुलांसह गेले. न्यूझीलंडमधलं चर्च कॉलेज १९५८ मध्ये उभं राहिलं ते असं. १९७१ पासून आरोग्य मिशनरी जाऊ लागले, मग शेतीतले जाणकारही. धर्म सांगता येणं ही एकच पात्रता असते, ही समजूत इथे मोडली. ज्याने तीस वर्षं दवाखान्यात किंवा शेतावर घालवली, त्याच्याकडे देण्याजोगं काही आहे, हे पंथाला उमगलं. १९७३ मध्ये स्पेन्सर किंबल पंथाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी प्रचारकार्याचा आवाका वाढवण्याचा ध्यासच घेतला; जास्तीत जास्त तरुणांना हाक दिली आणि निवृत्त जोडप्यांनाही.

जोडप्यांचं खरं सामर्थ्य दिसलं ते पश्चिम आफ्रिकेत.

त्यामागची गोष्ट पंथाला सोपी नाही, आणि ती झाकूनही चालणार नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना या पंथात याजकपद मिळत नसे. असं असूनही नायजेरिया आणि घानामध्ये, कुठून तरी हाती आलेली पत्रकं आणि पुस्तकं वाचून, लोकांनी आपण होऊन या पंथाच्या नावाने मंडळ्या स्थापल्या होत्या. ते सॉल्ट लेक सिटीला, म्हणजे पंथाच्या मुख्यालयाला, पत्रांवर पत्रं लिहीत, माणसं पाठवा म्हणून विनवत. १९६० च्या दशकात प्रचारक पाठवायचा बेत झालाही, पण या वर्णभेदाची बातमी नायजेरियात छापून आली आणि सरकारने व्हिसा नाकारले. ते योग्यच होतं. ओवेरी भागातले अँथनी ओबिन्ना हे शिक्षक या पत्रं लिहिणाऱ्यांपैकी एक. त्यांना स्वप्नात एक देखणी इमारत दिसली होती. यादवी युद्धाच्या सुमाराला एका जुन्या ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये त्यांनी तीच इमारत पाहिली, ती सॉल्ट लेकचं मंदिर होतं, असं ते सांगत.

८ जून १९७८ रोजी ती बंदी उठल्याचं जाहीर झालं. वर्ष संपायच्या आत पंथाने पश्चिम आफ्रिकेला माणसं पाठवली. त्यासाठी विशीतल्या मुलांची निवड झाली नाही, दोन प्रौढ जोडप्यांची झाली: रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. रेंडेल मेबी तेव्हा सत्तरीचे होते. वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या, अपमान गिळून टिकून राहिलेल्या माणसांसमोर अशा वयाने जाणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. २१ नोव्हेंबर १९७८ रोजी नायजेरियातल्या एकेओनुमिरी नदीच्या पाण्यात १९ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यात अँथनी ओबिन्ना होते, त्यांची पत्नी फिडेलिया होती. त्याच दिवशी अँथनी तिथल्या नव्या मंडळीचे अध्यक्ष झाले आणि बायकांच्या मंडळाची जबाबदारी फिडेलियावर आली. मंडळी चालवायला पाहुणे थांबून राहिले नाहीत; चालवायची कशी ते दाखवून पुढच्या गावाला गेले. डिसेंबरात ते घानातल्या केप कोस्टला पोचले, जिथे जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४ पासून मंडळ्या सांभाळून होते. वर्षभरात दोन्ही देशांत मिळून सतराशेहून अधिक बाप्तिस्मे झाले.

त्याच १९७८ च्या डिसेंबरात आणखी एक जोडपं निघालं होतं, पण उलट्या दिशेने. एडविन आणि एल्सी धर्मराजू मूळचे हैदराबादचे. एडविन शास्त्रज्ञ, नोकरीनिमित्त सामोआत होते, आणि तिथेच दोघांनी हा पंथ स्वीकारला. अल्पकाळाचे मिशनरी म्हणून ते आपल्याच गावी परतले, आणि त्यांच्या नात्यागोत्यातल्या २२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. एल्सी यांचे वडील बाप्टिस्ट पाळक होते. पंथाच्या ग्रंथातल्या निवडक भागाचा तेलुगू अनुवाद त्यांनी केला. भारतात बेंगळुरूला मिशन स्थापन झालं ते त्यानंतर बऱ्याच काळाने, १९९३ मध्ये.

पुढच्या दशकांत जोडप्यांच्या कामाच्या कितीतरी शाखा फुटल्या. इथिओपियाच्या दुष्काळासाठी पंथाच्या लोकांनी जानेवारी १९८५ मध्ये एक दिवस उपास करून वाचलेले पैसे दिले. साठ लाख डॉलरांहून अधिक जमले. तिथून मदतकार्याचा पसारा वाढत गेला: विहिरी, चाकांच्या खुर्च्या, नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं सुइणींना प्रशिक्षण. अशा कामांवर देशोदेशी देखरेख करायला निवृत्त जोडपी लागतात. मिशनच्या कचेरीत भाडेकरार, व्हिसाचे कागद, बिलं, गाड्यांची कामं हीच माणसं बघतात. तरुण मिशनऱ्यांना २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मातृदिनाला. घरापासून इतक्या लांब असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तापात गरम सूप आणून देणारी, त्याच्या खोलीतला ओट्यावरचा पसारा बघून दटावणारी बाई म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एक काम मात्र मराठी वाचकाला विशेष जवळचं वाटेल. आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही काढतात आणि पणजोबांची सही दाखवतात. पूर्वजांच्या नोंदी या पंथाच्या दृष्टीने धर्मकार्य आहे. युटाच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं, आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही चित्रण त्यांनी केलेलं आहे. हे काम पुढे डिजिटल झालं आणि बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठ जोडप्यांच्या हाती आलं. एखाद्या दफ्तरखान्यात टेबलावर वरून रोखलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. एक जण पान उलटतो, सुरकुती बोटांनी हलकेच सपाट करतो, दुसरा बटण दाबतो. दिवसभर हेच. कागद इतके ठिसूळ, की घाई करून चालत नाही.

एवढं असूनही जोडपी कायम कमीच पडत आली. तरुण मुलग्यांसाठी मिशन हे कर्तव्य मानलं जातं, जोडप्यांसाठी ते ऐच्छिक. नव्या शतकाच्या सुरुवातीला पंथाचे एक प्रेषित रॉबर्ट हेल्स यांनी अडचणी मोजून दाखवल्या: भीती, कुटुंबाची काळजी, जमेल असं काम मिळेल का ही शंका, आणि पैसा. यातली पैशाची अडचण नुसत्या प्रवचनाने सुटणारी नव्हती. जोडपं आपला खर्च स्वतः करतं, आणि काही देशांत सुरक्षित घराचं भाडंच त्यांच्या पेन्शनला झेपत नसे. सप्टेंबर २०११ पासून नियम बदलले. परदेशी जाणाऱ्या जोडप्याला घरापोटी दरमहा जास्तीत जास्त १४०० डॉलर द्यावे लागतील, वरचं पंथ भरेल असं ठरलं. आणि ६, १२, १८ किंवा २३ महिने असे मुदतीचे पर्याय आले. सहा महिन्यांसाठी जाता येणं ही ज्यांच्या घरी नव्वदीची आई आहे त्यांच्यासाठी फार मोठी सवलत होती. त्याच ऑक्टोबरमध्ये पंथाच्या अधिवेशनात जेफ्री हॉलंड या प्रेषितांनी जोडप्यांना कळकळीची हाक दिली. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे देशोदेशीचे मिशनरी मायदेशी परतले, आणि काही काळ ही सगळी घडी विस्कटली.

आता जोडपी पुन्हा जात आहेत. युटातल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस काढायचे, बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या भरायच्या, नातवंडांशी बोलायला फोनवर कुठली वेळ सोयीची ते ठरवायचं, आणि निघायचं. तरुणांना दिवसाचं वेळापत्रक बांधून दिलेलं असतं, यांना तेवढं नसतं. पण जायचं ते दोघांनी मिळूनच.