दुपारी आवळायचा, संध्याकाळी उघडायचा व्हॉल्व्ह

जमिनीखालच्या उष्णतेवर वीज बनवणारं भूऔष्णिक केंद्र चोवीस तास एकाच गतीने चालतं, त्याची वीज कमीजास्त करता येत नाही, असं जाणकारही ठामपणे सांगतात. करता येते. परवडते का, हा वेगळा प्रश्न.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फर्वो एनर्जी या कंपनीने 2023 मध्ये ‘प्रोजेक्ट रेड’ची चाचणी केली. सुमारे 2.3 किलोमीटर उभं खणून ड्रिल वळवलं आणि जवळपास एक किलोमीटर आडवं नेलं. अशा दोन विहिरी. मधला खडक पाण्याच्या दाबाने तडकवला, भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरली. एकीतून थंड पाणी आत, दुसरीतून गरम बाहेर. खडकाचं तापमान 191 अंश सेल्सिअस, बाहेर आलेल्या पाण्याचं 169 अंशांपर्यंत, प्रवाह सेकंदाला 63 लिटरपर्यंत. हे पाणी 80 अंशांपर्यंत निववलं असं धरलं, तर उष्णता मिळते सुमारे 24 मेगावॅट, आणि वीज जेमतेम साडेतीन.

(वज्रेश्वरीची कुंडं दाखवून ‘आपणही उद्या वीज काढू’ म्हणणाऱ्यांसाठी: ते पाणी आंघोळीला कढत, टर्बाइनला कोमट. आणि ते गंधकाने तापत नाही. खोल मुरलेलं पाणीच तापून वर येतं.)

खरी गंमत पुढे आहे. भरदुपारी ग्रिडमध्ये सौरवीज उतू जात असते. तेव्हा गरम पाणी बाहेर येणाऱ्या विहिरीचा व्हॉल्व्ह आवळायचा, पण पाणी आत ढकलणारे पंप चालू ठेवायचे. खडक किंचित लवचिक असतो. भेगांच्या भिंती केसभर मागे सरतात, भेगा फुगतात, दाब चढतो. दिवेलागणीला पंप मंद करून व्हॉल्व्ह उघडला, की ताणलेला खडक पाणी पिळून बाहेर काढतो. टर्बाइनला जास्त पाणी मिळतं, शिवाय पंप खातात ती वीजही वाचते. भेगेची रुंदी दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला आठपट पाणी वाहतं, कारण प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. हाच नियम उलटतोही: एक भेग इतरांपेक्षा थोडी रुंद राहिली की बहुतेक पाणी तिथूनच पळतं, तेवढा खडक लवकर गार पडतो आणि बाकीची उष्णता जागच्या जागी राहते.

खडक म्हणजे काही सीलबंद टाकी नव्हे. दाब आजूबाजूला झिरपतो. फार चढवला तर जुने भ्रंश, म्हणजे जमिनीतल्या जुन्या भेगा, सरकतात. दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये 5.5 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि सरकारी चौकशीने त्याचा संबंध अशाच प्रकल्पात भरलेल्या पाण्याशी जोडला. कोयनेच्या परिसरात हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

आता पैसा. संध्याकाळी दीडपट वीज हवी तर टर्बाइन, गरम पाण्यातली उष्णता काढून घेणारे हीट एक्स्चेंजर, कूलिंगचे पंखे दीडपट क्षमतेचे घ्यावे लागतात, आणि दुपारी ते अर्धवट रिकामे बसतात. इंधन फुकट असल्याने केंद्र मंद ठेवून काहीच वाचत नाही. कर्जाचं व्याज चालूच. विहिरी तर आधीच महाग. ड्रिलच्या टोकाच्या बिटचे कृत्रिम हिऱ्याचे दात झिजले की काही किलोमीटर लांबीचे पाइप तुकड्यातुकड्याने वर ओढायचे, बिट बदलून पुन्हा सोडायचे, आणि तेवढा वेळ रिगचं, म्हणजे खोदणाऱ्या यंत्राचं, भाडं भरायचं. अमेरिकेच्याच युटा राज्यातील पुढच्या प्रकल्पात दर विहिरीचा खर्च 94 लाख डॉलरवरून 48 लाखांवर आणल्याचं फर्वोने 2024 मध्ये सांगितलं.

तरी निकाल लागतो तो दुपार आणि संध्याकाळच्या दरांतल्या फरकावर. कॅलिफोर्नियात दुपारचा घाऊक दर कधीकधी शून्याखाली जातो. तिथे ही युक्ती पैसे मिळवेल. दिवसभर एकच दर असेल, तर व्हॉल्व्हला हात न लावणंच किफायतीचं.