पोलिसांची ड्युटीसाठी मानसिक फिटनेस तपासणी : येण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडं तपासणीला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, मॅडम, नोकरी जाणार काय? म्हणून हा कागद छापलाय, घरच्यांनाही वाचायला द्या.

ही काय वेड ठरवायची तपासणी नाही. बघायचं एवढंच असतं की हा माणूस आज, हत्यार जवळ असताना, पब्लिकमध्ये, त्याची नेमलेली ड्युटी नीट करू शकतो का. डिप्रेशनची गोळी चालू असलेला हवालदार फिट असू शकतो आणि कसलंच निदान नसलेला अनफिट निघू शकतो. विसर्जनाच्या बंदोबस्तात रात्रभर उभं राहून सकाळी बायकोवर खेकसला म्हणून कुणी तपासणीला पाठवत नाही, पाठवूही नये. नोकरीत दिसलेलं ठोस कारण लागतं, म्हणजे फायरिंग झाल्यापासून झोपच नाही, ड्युटीवर पिऊन येतोय, आरोपीवर हात सुटतोय, जीव द्यायची भाषा करतोय. शेवटचं असेल तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या नाहीतर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतं आणि पैसे लागत नाहीत.

आता जे कुणी विचारतच नाही ते. रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार? खात्यानं पाठवलं असेल तर खात्याच्या, आणि तेव्हा आम्ही तुमचे डॉक्टर नसतो, तपासणारे असतो. हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगून सही घेतो. स्वतःहून उपचाराला आलात तर गोष्ट वेगळी, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं माहिती गुप्त राहते, जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. म्हणूनच ज्याचं काउन्सेलिंग आमच्याकडं चालू आहे त्याची तपासणी आम्ही घेत नाही, दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर नकोत. खात्याच्या रिपोर्टातही सासू-सुनेची भांडणं लिहायचं कारण नाही, काम जमेल का आणि कशाकशाची काळजी घ्यायची एवढंच.

तपासणीत गप्पा असतात, जुनं रेकॉर्ड बघतो, लागलं तर तुमच्या परवानगीनं घरच्यांशी बोलतो, आणि लेखी टेस्ट. एमएमपीआय-२ (स्वभाव आणि मनाची स्थिती बघायची लेखी टेस्ट) घेतली तर ५६७ वाक्यं, प्रत्येकाला बरोबर किंवा चूक. इथं हुशार माणसं फसतात. मला राग येतच नाही, मी कधी कुणाला वाईट बोललोच नाही असं सगळं गोड गोड भरतात, पण लपवालपवी पकडायची सोय टेस्टमध्येच आहे, मग रिपोर्टात "उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही" असं येतं आणि ते खऱ्या रागापेक्षा महागात पडतं. त्यापेक्षा खरं लिहा.

निकाल बहुतेकांना वाटतो तसा पास-नापास नसतो. फिट, किंवा काही दिवस हत्यार आणि नाईट बंद ठेवून ऑफिसचं काम, किंवा सध्या अनफिट, उपचार घेऊन परत तपासणी. आमचा रिपोर्ट म्हणजे मत आहे, मेडिकल बोर्डाच्या सर्टिफिकेटच्या जागी तो चालत नाही, आणि ड्युटीचा निर्णय खात्याचाच.

येताना खात्याचं पत्र, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि वाचायचा चष्मा आणा, जवळजवळ अख्खा दिवस मोकळा ठेवा. आणि नाईट करून तसंच येऊ नका, तारीख बदलून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.