गोलेस्तान राजवाडा

गोलेस्तान राजवाडा : इराणची राजधानी तेहरान येथील काजार घराण्याचा भूतपूर्व राजवाडा. जुन्या तेहरानच्या मध्यभागी, मोठ्या बाजारपेठेला लागून असलेल्या ‘अर्ग’ नावाच्या बालेकिल्ल्यात हा वास्तुसमूह उभारण्यात आला. १७८६ मध्ये तेहरान राजधानी झाल्यापासून १९२५ मध्ये काजार राजवट संपुष्टात येईपर्यंत इराणच्या राजसत्तेचे हे मुख्य स्थान होते आणि त्यानंतरच्या पहलवी घराण्याचे दोन्ही राज्याभिषेकही येथेच झाले. आज हा समूह संग्रहालय म्हणून जतन केलेला असून २०१३ मध्ये यूनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केला. रशिया व इराण यांच्यात १८१३ मध्ये झालेला ‘गुलिस्तानचा तह’ याच राजवाड्यात झाला, असा समज वाचकांत आढळतो. तो चुकीचा असून ज्या गुलिस्तान गावात तो तह झाला, ते काराबाखमध्ये आहे.

राजवाड्याचा इतिहास सांगताना एक अडचण येते. त्याचा आरंभ सफवी काळापर्यंत मागे नेता येतो, परंतु आज दिसणारे बहुतेक सर्व बांधकाम एकोणिसाव्या शतकातील आणि त्यातही प्रामुख्याने नासिरुद्दीन शाहच्या (कार. १८४८–९६) काळातील आहे. प्रत्येक राजाने आधीच्याचे काही पाडले, काही उचलून आपल्या इमारतीत बसवले आणि उरलेल्याला नवे तोंड दिले. त्यामुळे कोणत्याही एका दालनाला एकच साल चिकटवणे बहुधा दिशाभूल करणारे ठरते.

सफवी घराण्याचा शाह तहमास्प पहिला याने सोळाव्या शतकाच्या मध्यास तेहरान या तोपर्यंत दुय्यम असलेल्या गावाभोवती तट बांधला. शाह अब्बास पहिला याच्या काळात तटाच्या आत चार भागांत विभागलेली ‘चारबाग’ पद्धतीची बाग आणि चिनार वृक्षांची राई होती. पुढे करीम खान झंद याने आपली राजधानी शिराझ येथे ठेवली, तरी उत्तरेकडील काजार टोळीवर नजर ठेवण्याच्या दृष्टीने तेहरानचे महत्त्व ओळखून अर्गमध्ये काही इमारती बांधून घेतल्या. ‘खल्वत-ए-करीमखानी’ हा तीन कमानींचा, पुढून मोकळा असलेला सज्जा त्या बांधकामाचा उरलेला अंश मानला जातो. त्याच्या मधोमध भुयारी कालव्याचे म्हणजे कनातचे पाणी उसळून वर येईल असा लहान हौद होता. एकांतात बसून हुक्का ओढण्यासाठी नासिरुद्दीन शाहला ही जागा विशेष प्रिय होती.

काजार घराण्याचा संस्थापक आगा मोहंमद खान याने तेहरानला राजधानी केली. बालपणी शत्रूच्या हाती सापडून खच्ची करण्यात आलेल्या आणि तारुण्याची अनेक वर्षे करीम खानाच्या दरबारात ओलीस म्हणून काढलेल्या या माणसाचा झंद घराण्यावरील राग करीम खानाच्या मृत्यूनेही शमला नाही. शिराझ ताब्यात आल्यावर त्याने करीम खानाचे दफन उकरले आणि त्याच्या अस्थी तेहरानला आणून, येताजाता पायाखाली तुडवल्या जाव्यात म्हणून, राजवाड्याच्या उंबरठ्याखाली पुरवल्या. पहलवी राजवट आल्यावर त्या तेथून हलवण्यात आल्या. अस्थींबरोबर शिराझच्या ‘वकील’ नावाच्या, करीम खानाच्या राजवाड्यातील संगमरवरी स्तंभ, आरसे आणि इतर साहित्यही आणले गेले, आणि ते तेहरानच्या दरबारी सज्जात बसवले गेले. राजवाड्यातील सर्वांत जुन्या व भव्य दालनाचे दोन पिळाचे खांब अशा रीतीने पराभूत घराण्याच्या वास्तूतून आलेले आहेत.

या दालनाला आज ‘ऐवान-ए-तख्त-ए-मरमर’ म्हणजे संगमरवरी सिंहासनाचा सज्जा असे म्हणतात. ते सिंहासन आगा मोहंमद खानाचा पुतण्या आणि वारस फत्ह अली शाह (कार. १७९७–१८३४) याच्या आज्ञेवरून १८०६ मध्ये तयार झाले. आराखडा दरबारी चित्रकार मिर्झा बाबा याचा व दगडकाम मोहंमद इब्राहीम इस्फहानी याचे होते. यझद येथील पिवळसर संगमरवराचे ६५ तुकडे जोडून केलेला हा चौथरा पऱ्या, राक्षस आणि सिंह यांच्या मूर्तींनी तोलून धरलेला आहे. पऱ्या व राक्षसांना आज्ञेत ठेवणाऱ्या सुलेमान पैगंबराच्या सिंहासनाची कल्पना त्यामागे आहे. सज्जाची पुढील बाजू पूर्ण मोकळी असून समोर लांब हौद आणि अंगण आहे. नवरोझच्या ‘सलाम’ समारंभात शाह या चौथऱ्यावर बसे, अंगणात सरदार, मुल्ला व परदेशी वकील आपापल्या दर्जानुसार उभे राहत आणि राजदर्शनाचा हा सोहळा जवळजवळ नाट्यप्रयोगाच्या शिस्तीने पार पडे.

फत्ह अली शाहच्या काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेशी या दरबाराचे संबंध वाढले. नेपोलियन व अफगाण या दोन्ही आघाड्यांची चिंता असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीने जॉन माल्कमला १८०० मध्ये मुंबईहून इराणला पाठवले होते. त्याच्या उत्तरादाखल शाहने पाठवलेला वकील हाजी खलील खान १८०२ मध्ये मुंबईत पोहोचला. परंतु त्याचे नोकर आणि त्याच्याच रक्षणासाठी नेमलेले कंपनीचे शिपाई यांच्यात जुलैमध्ये दंगल उसळली व तिच्यात गोळी लागून तो ठार झाला. कंपनी सरकारला तेहरान दरबाराची मोठ्या संकोचाने क्षमा मागावी लागली आणि वकिलाच्या वारसांना भरपाई द्यावी लागली.

बादगीर इमारतही मूळ याच काळातील असून नासिरुद्दीन शाहने तिची पुनर्रचना केली. तिच्या चार कोपऱ्यांवर रंगीत फरशांनी मढवलेले उंच वायुमनोरे आहेत. मनोऱ्याच्या झरोक्यांत शिरलेला वारा खाली तळघरातील पाण्याच्या हौदावर उतरतो, तेथे थंड होतो आणि वरच्या दालनांत पसरतो. यझद आणि काशान यांसारख्या वाळवंटी शहरांत घरोघर वापरली जाणारी ही युक्ती तेहरानच्या उन्हाळ्यात राजाच्या उपयोगी आली.

नासिरुद्दीन शाहच्या जवळपास अर्धशतकाच्या कारकीर्दीत राजवाड्याचे रूप पालटले. या बदलाचे कारण केवळ युरोपच्या प्रवासात शोधले जाते, पण ते पुरेसे नाही. शाहची पहिली युरोपवारी १८७३ मधील (पुढच्या १८७८ व १८८९ मधील), तर राजवाड्यातील सर्वांत धीट इमारत, ‘शम्स-उल-इमारत’, त्याआधीच १८६५ ते १८६७ या दोन वर्षांत उभी राहिली होती. उंचावरून आपली राजधानी न्याहाळता यावी, ही शाहची इच्छा होती आणि परदेशी इमारतींची चित्रे त्याने पाहिलेली होती. दरबारी सरदार मोअय्यर-उल-ममालिक याच्या देखरेखीखाली उस्ताद अली मोहंमद काशी या गवंड्याने बांधलेली ही पाच मजली, दोन जुळ्या मनोऱ्यांची इमारत त्या वेळी तेहरानमधील सर्वांत उंच होती. इमारतीत ओतीव लोखंडाच्या खांबांचा वापर झाला, जो तेहरानला नवा होता. मात्र कमानी, रंगीत काचांच्या सरकत्या खिडक्या आणि भिंतींवरील फरशा पूर्णपणे इराणी कारागिरांच्या आहेत. मनोऱ्यांच्या मधल्या घड्याळाविषयी ते इंग्लंडच्या राणीकडून आल्याचे सांगतात.

पहिल्या प्रवासाहून परतल्यावर शाहने उत्तरेकडील जुन्या इमारती काढून तेथे संग्रहालयाचे मोठे दालन आणि त्याला जोडून ‘तालार-ए-आईना’ हा आरसेमहाल बांधला. राजमुकुट, रत्ने, युरोपीय राजांच्या भेटी, चिनी मातीची भांडी आणि यांत्रिक खेळणी यांची मांडणी एकाच दालनात केलेली असे. अतिमौल्यवान वस्तूंच्या शेजारी किरकोळ बाजारी वस्तू मानाने ठेवलेली पाहून परदेशी पाहुण्यांना हसू येई. तरी राजखजिना कुलपात न ठेवता पाहण्यासाठी मांडणे ही कल्पनाच इराणात नवी होती, हे त्या हसण्यात हरवू नये. आरसेमहालाच्या छतावर व भिंतींवर आरशांचे बारीक तुकडे कोन साधून बसवलेले असल्याने एका दिव्याचे असंख्य दिवे होतात. चित्रकार कमाल-उल-मुल्क याने या दालनाचे जे तैलचित्र अनेक वर्षे खपून रंगवले, ते आधुनिक इराणी चित्रकलेतील सर्वांत परिचित चित्रांपैकी एक असून राजवाड्यातच ठेवलेले आहे. ऑटोमन सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने पाठवलेले सामान ठेवायला जागा नाही म्हणून ‘काख-ए-अबयझ’ हा पांढरा महाल बांधण्यात आला. त्यात आता मानववंशविषयक संग्रह आहे.

बाहेरच्या भिंतींवरील फरशा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सफवी काळातील निळ्या व फिरोजी रंगांच्या जागी येथे गुलाबी आणि पिवळा रंग येतो. वेलबुट्टीच्या चौकटीत सिंह व सूर्य, शिपाई, शिकारीची दृश्ये आणि युरोपीय छापील चित्रांवरून उतरवलेली नदीकाठची गावे दिसतात. इस्फहानच्या फरशांवर पोसलेल्या जाणकारांनी या कामाला बराच काळ ऱ्हासाचे लक्षण मानले. हा निवाडा अन्यायाचा आहे. परक्या चित्रांची सरळ नक्कल न करता त्यांना आपल्या चौकटीत बसवण्याचे येथील कारागिरांचे कसब काजार कलेचे खरे वैशिष्ट्य होय.

छायाचित्रणाचे वेड हा या कारकीर्दीचा आणखी एक ठेवा आहे. कॅमेरा इराणच्या दरबारात १८४० च्या दशकातच पोहोचला होता. नासिरुद्दीन शाहने राजवाड्यात स्वतंत्र छायाचित्रशाळा काढली, स्वतः फोटो घेतले आणि आपल्या बेगमांचे, सेवकांचे व मांजरांचे फोटो वह्यांत चिकटवून त्यांखाली आपल्या हाताने टिपणे लिहिली. अंतःपुराची इमारत आता नाहीशी झालेली असल्याने तेथील जीवनाचा दृश्य पुरावा मुख्यतः याच संग्रहात उरला आहे.

राजवाड्याच्या आग्नेय बाजूस १८७० च्या सुमारास ‘तकिया दौलत’ हे वर्तुळाकार प्रचंड नाट्यगृह उभारले गेले. मोहरमच्या दिवसांत येथे ‘ताजिया’ होत असे. महाराष्ट्रात ताजिया म्हणजे मिरवणुकीतील ताबूत, तर इराणात या शब्दाने करबलाच्या प्रसंगावरील पद्यनाट्य ओळखले जाते. मध्यभागी गोल चौथरा, भोवती हजारो प्रेक्षक, वर सज्जांत दरबारी मंडळी आणि छतावर लोखंडी कमानींवर ताणलेले कापड अशी त्याची रचना होती. मे १८९६ मध्ये शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा किरमानी याने नासिरुद्दीन शाहचा गोळी घालून खून केला, तेव्हा त्याचा मृतदेह काही काळ याच तकियात ठेवण्यात आला होता.

या भिंतींच्या आत राज्यकारभाराचे कडू-गोड निर्णयही झाले. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ मध्ये इराणात पाठवलेले माणेकजी लिमजी हातारिया यांनी तेथील जरथुश्त्री प्रजेवरील जिझिया कर उठवावा म्हणून या दरबारात वर्षानुवर्षे खेटे घातले आणि १८८२ मध्ये शाहचे तसे फर्मान मिळवले. तंबाखूचा मक्ता एका ब्रिटिश कंपनीला दिल्यावर धर्मगुरूंच्या नावे तंबाखूबंदीचा आदेश निघाला, तेव्हा शाहच्या अंतःपुरातील स्त्रियांनीही हुक्के बाजूला ठेवले. जानेवारी १८९२ मध्ये संतप्त जमाव अर्गवर चालून आला, शिपायांनी गोळीबार केला आणि मक्ता रद्द करावा लागला. संविधानवादी चळवळीनंतर ऑक्टोबर १९०६ मध्ये इराणच्या पहिल्या संसदेचे, मजलिसचे, उद्घाटन आजारी मुझफ्फरुद्दीन शाहच्या उपस्थितीत राजवाड्यातच झाले.

काजारांना दूर करून सत्तेवर आलेल्या रझा शाहने २५ एप्रिल १९२६ रोजी येथे मुकुट धारण केला, परंतु या वास्तूविषयी त्याला आस्था नव्हती. जुना राजवाडा आधुनिक शहराच्या वाढीच्या आड येतो, अशी त्याची धारणा होती. अर्गचे तट व दरवाजे गेले, अंतःपुर जमीनदोस्त होऊन त्या भागात सरकारी खात्यांच्या इमारती आल्या आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तकिया दौलतही पाडून त्या जागी बँकेची शाखा बांधण्यात आली. उरले ते मुख्यतः ‘बिरूनी’, म्हणजे दरबारी व सार्वजनिक दालने. ज्या भागात राजकुटुंब प्रत्यक्ष राहत होते तो ‘अंदरूनी’ नष्ट झाला. आजचा पाहुणा राजवाड्याच्या केवळ अर्ध्या, समारंभी बाजूतून फिरत असतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय येथील जीवनाची कल्पना येत नाही. मोहंमद रझा शाह १९४१ पासून गादीवर असला, तरी त्याचा राज्याभिषेक २६ ऑक्टोबर १९६७ रोजी याच राजवाड्याच्या मोठ्या दालनात झाला. त्या वेळी राणी फराह हिलाही मुकुट घालण्यात आला. राजकुटुंबाचे वास्तव्य मात्र शहराच्या उत्तरेकडील महालांत होते.

१९७९ च्या क्रांतीनंतर राजवाडा पूर्णतः संग्रहालय झाला. फत्ह अली शाहसाठी बनवलेले ‘तख्त-ए-ताऊस’ १९८१ मध्ये येथून मध्यवर्ती बँकेच्या जडजवाहिर संग्रहालयात हलवण्यात आले. नादिर शाहने १७३९ मध्ये दिल्लीहून लुटून नेलेले शाहजहानचे मयूरासन ते हेच, असे अनेक ठिकाणी छापले जाते. पण मूळ मयूरासन नादिर शाहच्या खुनानंतरच्या बेबंदशाहीत नष्ट झाले आणि या तख्ताचा त्याच्याशी नावापुरताच संबंध आहे. नासिरुद्दीन शाहची संपूर्ण आकृती कोरलेली संगमरवरी कबरशिळा दर्ग्यातून आणून खल्वत-ए-करीमखानीत ठेवली आहे.

दिल्लीशी खरे नाते शोधायचे तर ते राजवाड्याच्या ग्रंथालयात सापडते. तैमूरी राजपुत्र बायसुंकुर याच्यासाठी १४३० मध्ये हेरात येथे तयार झालेली शाहनाम्याची सचित्र प्रत येथील सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित असून ती यूनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट आहे. तिच्या जोडीला ‘मुरक्का-ए-गुलशन’ हा जहांगीर बादशहाने जमवलेला चित्र व सुलेखन यांचा संग्रह आहे. नादिर शाहच्या लुटीबरोबर तो इराणात आला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच धर्तीची जहांगीरची काही पाने बर्लिनमध्ये आहेत. परंतु समासातील बारीक मानवाकृतींसह मुघल चित्रशाळेचे काम सलगपणे अभ्यासायचे तर मुख्य संग्रह तेहरानलाच पाहावा लागतो.