गोळी बाहेर आली, औषध आतच राहिलं

गेल्या आठवड्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. शौचात सापडलेल्या गोळीचा. मी जेवायला बसलो होतो, पण ते जाऊ दे. फोटोखाली मजकूर होता : ‘अरे, हे बघ. जशी गिळली तशीच बाहेर आली. नकली औषध दिसतंय.’ मामा निवृत्त फिटर आहेत. यंत्र बिघडलं की ते आधी उघडून बघणार. म्हणून मी त्यांना इतकंच लिहिलं, ‘मामा, ती गोळी नाही, तिची रिकामी टाकी आहे.’

त्यांना रक्तदाबासाठी निफेडिपिन चालू आहे, दिवसातून एकदा घ्यायचं. हे औषध साध्या रूपात घेतलं तर पटकन रक्तात उतरतं. रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, दाब कोसळतो आणि तो सावरायला हृदय धडधडू लागतं. पुढे सुमारे दर २ तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं, म्हणजे ८ तासांनी १६ वा भाग उरतो. आधी अति, मग नाही. दिवसभर एकाच धारेने औषध मिळालं तर हा झोका टळेल, ही कल्पना जुनीच. १९५२ साली स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ आणली : कॅप्सूलमध्ये बारीक मणी, त्यांवर कमीजास्त जाडीची आवरणं. कल्पना छान, पण आवरण किती वेगाने झिजणार हे बऱ्याच अंशी पोटाच्या मर्जीवर.

मामांच्या गोळीने पोटाची मर्जीच हिशेबातून काढून टाकली. त्यामागचं तत्त्व शाळेत शिकलेलं परासरण. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, कारण त्याची साल पाण्याला आत येऊ देते, साखरेला सहज बाहेर जाऊ देत नाही. आता कल्पना करा की बेदाण्याला सुईने एकच भोक पाडलंय. आत येणारं पाणी साखरेचा पाक त्या भोकातून बाहेर ढकलत राहील. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्झा कंपनीच्या फेलिक्स थेउवेस यांनी हेच गोळीत बसवलं. गाभ्यात औषध, भोवती सेल्युलोज ॲसिटेटचा अर्धपार्य (पाणी आत घेणारा, औषध अडवणारा) पडदा आणि पडद्याला लेसरने पाडलेलं एक बारीक भोक. बॅटरी नाही, चिप नाही. हल्ली कशालाही ‘स्मार्ट’ आणि ‘नॅनो’ म्हणायची साथ आली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता माझा सर्वांत लाडका भाग. औषध बाहेर पडण्याचा वेग कशावर ठरतो? पडद्याचं क्षेत्रफळ भागिले त्याची जाडी, गुणिले त्याची पारगम्यता, गुणिले आतबाहेरच्या परासरण दाबातला फरक, गुणिले आतल्या द्रावणातली औषधाची संहती. पहिल्या तीन गोष्टी कारखान्यातच पक्क्या होतात. उरलेल्या दोन एकाच कारणाने स्थिर राहतात : गाभ्यात घन औषधाचा कणही शिल्लक आहे तोवर आतलं द्रावण संपृक्तच राहतं. थोडं बाहेर गेलं की तेवढंच नवं विरघळतं. बाहेरचा दाब बदलला तर? शरीरातल्या द्रवांचा परासरण दाब साडेसात वातावरणांच्या घरात, तर गाभ्यात मीठ घातलं तर त्याच्या संपृक्त द्रावणाचा साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या फरकापुढे बाहेरचे चढउतार किरकोळ. पडद्यातून आत जातं ते फक्त पाणी, त्यामुळे जठरातलं आम्ल काय नि आतड्यातला अल्कली काय, गोळीला सारखंच. औषध असं एकाच वेगाने सुटत राहण्यालाच शून्य-कोटी विमोचन म्हणतात. ‘शून्य’ का, तर वेग उरलेल्या औषधाच्या शून्याव्या घाताशी निगडित, म्हणजे त्याच्यावर अवलंबूनच नाही. (इथे कोणी हरवलं असेल तर बेदाणा आठवा, तेवढा पुरे.)

निफेडिपिनची अडचण वेगळी. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग द्रावण ढकलणार कुठून? म्हणून त्या गोळीत दोन थर आले. भोकाच्या बाजूला औषधाचा, मागे मीठ आणि फुगणाऱ्या पॉलिमरचा. मागचा थर पाणी पिऊन फुगतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढचा थर भोकातून बाहेर रेटतो. या दट्ट्याच्या थरात लोहाचा लाल ऑक्साइड घालतात. भोक नेमकं औषधाच्याच बाजूला पाडायचं असतं. कुठली बाजू कुठली, हे यंत्र रंगावरून ओळखतं. अमेरिकेत या गोळीला १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. याच तत्त्वावरची, इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाची ‘ऑस्मोसिन’ गोळी ब्रिटनमध्ये १९८३ साली मागे घ्यावी लागली. काही रुग्णांच्या आतड्याला भोकं पडली होती. गोळी एखाद्या जागी अडकली तर तिच्यातून निघणारं तीव्र औषध आणि पोटॅशियमचा क्षार एकाच ठिकाणी ओतला जात राहतो, असा संशय होता. कवच विरघळत नाही, म्हणून आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर अशी गोळी आजही जपूनच देतात.

नियामकांनाही या गोळ्यांनी कामाला लावलं. जेनेरिक औषध मूळ औषधाशी जुळतं का, हे रक्तातली कमाल पातळी आणि एकूण मात्रा पाहून ठरवायची रीत आहे. पण जिथे खरं औषध वेळापत्रकातच आहे, तिथे एवढ्याने भागत नाही. लक्ष विचलित होण्याच्या विकारावर देतात त्या मिथाइलफेनिडेटची परासरणावर चालणारी गोळी २००० साली आली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिच्या दोन जेनेरिकांचा ‘समतुल्य’ हा दर्जा काढून घेतला : काही रुग्णांत गोळी घेतल्यापासून ७ ते १२ तासांच्या टप्प्यात औषध मंद गतीने मिळत असावं, असं त्यांना दिसलं होतं.

यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. भोकवाली गोळी तोडली, चावली, कुटली की पंप फुटतो आणि दिवसभराचं औषध थोड्या वेळात अंगावर येतं. पाकिटावर एक्सएल, ईआर, एसआर, सीआर अशी, औषध हळूहळू सुटतं हे सांगणारी अक्षरं असली की तोडण्याआधी विचारा. त्यातल्या काही गोळ्या मधल्या खाचेवर अर्ध्या करता येतात, सगळ्या नाही. आणि साधी, लगेच विरघळणारी गोळी अख्खी बाहेर पडत असेल तर ते मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

संध्याकाळी मामांचा दुसरा फोटो आला. टाकी धुऊन ब्लेडने उभी चिरलेली. आत लालसर, बुळबुळीत लगदा, बाकी पोकळ. खाली लिहिलं होतं : ‘दट्ट्या सापडला. भोक नाही दिसलं, भिंग आणतो.’